जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट आणि बाहेरचे बेल्ट : एकदाच उघडायचं तर काय काय बदलायचं?

तिसरा_मालक :
नमस्कार मंडळी. माझ्याआधी दोघांच्या हातून गेलेली चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, वय १४ वर्षं, मीटरवर ७८ हजार किलोमीटर. इंजिन छान चालतं, तेल खात नाही, धूर नाही. पण टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा) कधी बदलला याचा एकही कागद मिळाला नाही, आधीचे मालक म्हणतात बदललाय पण कधी आणि किती किलोमीटरला ते त्यांना आठवत नाही. मॅन्युअलमध्ये ९० हजार किलोमीटर किंवा ६ वर्षं, जे आधी होईल ते, असं दिलंय. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून बघितलं तर बेल्ट चांगला काळाभोर दिसतोय, भेगा नाहीत, जेवढे दात दिसतात तेवढे शाबूत आहेत.

बाहेर दोन बेल्ट आहेत, एक अल्टरनेटर आणि एसीचा रिबवाला (लांबीभर कंगोरे असलेला), दुसरा पॉवर स्टिअरिंगचा. गाडी थंड असताना चालू केली की चिवचिव आवाज येतो आणि गरम झाल्यावरही आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) मधूनमधून येतोच.

दिसायला चांगला असलेला टायमिंग बेल्ट आत्ताच बदलावा का, की ९० हजारपर्यंत थांबावं? बदलायचाच तर सोबत आणखी काय बदलावं? आणि ब्रेक पॅड, कूलंट, प्लग ही कामं मी घरी करतो, तर हे जमेल का की गॅरेजला द्यावं? सविस्तर सांगा, वेळ आहे माझ्याकडे.

उघडा_बोनेट :
बदलाच, आणि ९० हजारची वाट बघू नका. "जे आधी होईल ते" हे शब्द लोक वाचून सोडून देतात पण सगळं त्यातच आहे. बेल्टचं रबर गाडी नुसती उभी असली तरी म्हातारं होत राहतं, इंजिनची उष्णता लागते, थंड होतं, परत तापतं, हवेतल्या ओझोनने कडक पडतं. त्या रबराच्या आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात आणि ताण खरा त्या दोऱ्या पेलतात. त्यांची काय अवस्था आहे हे बाहेरून बघून कुणीही सांगू शकत नाही. तुम्ही कव्हर काढून बघितली ती बेल्टची पाठ. चीर पडायला सुरुवात होते ती दातांच्या मुळाशी, आतल्या बाजूला, आणि तिथे बेल्ट पुलीवर बसलेला असताना नजर पोचतच नाही.

दुसरं, तुमचं इंजिन इंटरफिअरन्स आहे का ते आधी शोधा. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडून खाली येतो ती जागा आणि पिस्टन वर येतो ती जागा एकच असते, दोघं वेळा पाळतात म्हणून धडकत नाहीत. टायमिंग बेल्ट दोन शाफ्ट जोडतो, पिस्टनांनी फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो, कॅम २५, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदात २५ वेळा उघडतो आणि मिटतो आणि हे सगळं त्या एका बेल्टच्या भरवशावर. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडे राहतात, पण फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) आणि पळती गाडी क्रँकला फिरवतच राहते आणि पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर बसतो. व्हॉल्व्ह वाकले म्हणजे हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवणं आलंच, नशीब वाईट असेल तर पिस्टनसुद्धा फुटतो. नॉन-इंटरफिअरन्स इंजिन असेल तर गाडी फक्त बंद पडते, नवा बेल्ट टाकला की परत चालू. कागद नसलेली गाडी म्हणजे बेल्ट बदललेला नाही असं धरूनच चालावं.

चेनवाला :
वर म्हटलंय त्याला जोडून. वाचणाऱ्या बाकीच्यांनी आधी आपल्या गाडीला बेल्ट आहे की चेन ते तपासा. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोलला चेन आणि डिझेलला बेल्ट असं सर्रास असतं. इंजिनच्या बाजूला क्लिपा किंवा छोटे बोल्ट लावलेलं प्लास्टिकचं कव्हर असेल तर आत बहुधा कोरडा बेल्ट, आणि धातूचं सील करून बसवलेलं कव्हर असेल तर बहुधा चेन. अलीकडच्या काही इंजिनांत तेलात भिजलेला बेल्ट असतो, तोही धातूच्या कव्हराआडच असतो, त्यामुळे इंजिन नंबरवरून खात्री करून घेतलेली बरी. तेलातल्या बेल्टला तेलाचा ग्रेड चुकला तर रबर सुटायला लागतं आणि ते तुकडे खाली ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात, तो विषय पूर्ण वेगळा आहे, या धाग्यात नको.

माहितीसाठी, मोठ्या संख्येने बनलेल्या गाडीत दातेरी बेल्ट पहिल्यांदा आला तो जर्मनीच्या ग्लास (Glas) या गाड्यांच्या कंपनीच्या १००४ मॉडेलमध्ये, १९६२ साली. चेनपेक्षा आवाज कमी, तेल नको, वजन कमी, म्हणून पुढे सगळ्यांनी उचलला. ठरावीक काळाने बदलायचा भाग म्हणूनच तो बनवलेला असतो हे मात्र विसरलं जातं.

सावकाश_चला :
थोडं वेगळं मत. माझ्या आधीच्या गाडीचा बेल्ट मुदतीच्या बराच पुढे गेला होता, काही झालं नाही, काढल्यावरही चांगला होता. कंपन्या मुदत थोडी आखडूनच देतात. चांगल्या मेकॅनिकला दाखवा, तो म्हणाला ठीक आहे तर चालवा की. उगाच चालू इंजिन उघडू नये या मताचा मी आहे.

उघडा_बोनेट :
@सावकाश_चला, तुमचा चालला हे मान्यच, बरेच चालतातही. पण मुदत आखडती असते ती सगळ्या गाड्यांना सामावून घेण्यासाठी, धुळीत चालणाऱ्या, उन्हात उभ्या राहणाऱ्या, तासन्‌तास आयडलवर राहणाऱ्या. आयडलवर बेल्ट फिरत राहतो पण मीटर एक किलोमीटरही पुढे जात नाही, त्यामुळे शहरातल्या गाडीचे ७८ हजार आणि हायवेवरच्या गाडीचे ७८ हजार सारखे नाहीत. आणि मेकॅनिक बघून सांगेल ते वाईट झालेल्या बेल्टबद्दल. तेल लागून फुगलेला, कडेचे धागे निघालेला, दात गेलेला बेल्ट बघून नक्की कळतो. चांगला आहे हे बघून कळत नाही, आणि इथे तर १४ वर्षं आहेत, मुदतीच्या दुपटीपेक्षा जास्त.

चालू इंजिन उगाच उघडू नये हे तत्त्व मलाही पटतं, म्हणूनच उघडाल तेव्हा एकदाच उघडा आणि आतलं सगळं एकत्र बदला.

घट्ट_बोल्ट :
सगळं म्हणजे काय ते मी लिहितो, कारण इथेच पैसे वाचवायला जाऊन माणसं फसतात.

टायमिंग बेल्ट सुटा घेऊ नका, किट घ्या. त्यात बेल्ट, टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला नुसती वाट देणाऱ्या) पुल्या येतात. टेन्शनर आणि आयडलरच्या आत सीलबंद बेअरिंग असतं, त्यातलं ग्रीस बेल्टइतकंच जुनं. नवा बेल्ट पूर्ण ताणाने जुन्या बेअरिंगवर चढवला आणि ते बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टच तुटणार, आणि इंजिनचं व्हायचं ते नुकसान होणारच.

वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल (बऱ्याच इंजिनांत चालतो) तर तोही आत्ताच. पंपाच्या शाफ्टखाली एक बारीक भोक असतं, सील गळायला लागलं की तिथून कूलंट झिरपतो आणि वाळलेला पांढरट किंवा रंगीत डाग दिसतो. डाग नसला तरी बदला. पुढच्या वर्षी पंप गेला तर परत हेच सगळं उतरवावं लागेल.

कॅमचं पुढचं ऑइल सील आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील. छोटीशी वस्तू आहे, पण जुनं सील तेल सोडायला लागलं की ते थेट नव्या बेल्टवर. तेल लागलेलं रबर फुगतं, मऊ पडतं, दात सुटतात.

क्रँक पुलीचा बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच वापरायचा असतो, आधी ठरलेला टॉर्क (घट्ट करायचा मोजलेला जोर) आणि मग वर ठरलेल्या अंशांत फिरवून ताणलेला. तो नवा घ्या. आणि बाहेरचे दोन्ही बेल्ट, कारण ते उतरवल्याशिवाय टायमिंग कव्हर निघतच नाही. मजुरी आधीच झालेली असते, फक्त बेल्टचा खर्च.

पार्ट मागवताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष एवढ्यावर जाऊ नका, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर द्या. वर्षाच्या मध्येच दातांची संख्या किंवा टेन्शनरचा प्रकार बदललेला असतो. आणि बेल्टवर छापील नंबर, खोका, सील नीट बघून घ्या, नकली माल या पार्टमध्ये खूप आहे.

रिबवाला :
बाहेरच्या बेल्टबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो, कारण @तिसरा_मालक यांचा चिवचिव आवाज हा प्रश्न मागे पडू नये असं वाटतं.

बेल्टच्या पाठीवर ६पीके१७५० असं काहीतरी छापलेलं असेल. ६ म्हणजे सहा रिब, पीके हा रिबचा प्रकार, १७५० म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. तोच नंबर घ्या, १० मिलिमीटर इकडेतिकडे चालतंय म्हणून दुसरा बसवू नका, टेन्शनर त्याच्या हद्दीच्या टोकाला जाऊन बसतो.

जुने बेल्ट निओप्रीनचे असायचे, म्हातारे झाले की रिबवर आडव्या भेगा पडायच्या, भेगा मोजून बदलायचे. आता ईपीडीएम रबर असतं, त्याला भेगा लवकर पडतच नाहीत, ते झिजतं. रिबमधल्या खाचा रुंद आणि खोल होत जातात, मग पुलीचे कंगोरे खाचेच्या तळाला टेकतात आणि बेल्ट घसरतो. म्हणजे भेग नाही तर बेल्ट चांगला, ही जुनी परीक्षा इथे लागू होत नाही. मोजायला प्लास्टिकचे छोटे गेज मिळतात, किंवा नवा बेल्ट शेजारी धरून बघा, लगेच कळतं.

आता आवाज. चिवचिव आणि किंचाळी हे दोन वेगळे आजार. सलग किंचाळी, खास करून एसी चालू केल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, म्हणजे ताण कमी आणि बेल्ट घसरतोय. तुटक चिवचिव, इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी, म्हणजे बहुधा कुठली तरी पुली रेषेत नाही. परीक्षा सोपी आहे, इंजिन आयडलला ठेवून स्प्रे बाटलीने थोडं पाणी बेल्टच्या रिबच्या बाजूला मारा, हात आणि सैल बाह्या लांब ठेवून. आवाज लगेच वाढला तर ताणाचा प्रश्न. आवाज क्षणभर गेला आणि पाणी वाळल्यावर परत आला तर पुली रेषेत नाही. बेल्टवर मारायचे स्प्रे मिळतात ते अजिबात नको, ते चिकट असतात, धूळ धरून ठेवतात आणि खरा दोष झाकतात.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बाहेरचा बेल्ट गेला तर काय, फार तर बॅटरी चार्ज होणार नाही, असं समजू नका. रिबवाला बेल्ट कडेने उसवला की त्याचा लांबच्या लांब धागा निघतो आणि क्रँक पुलीच्या मागे गुंडाळत जातो. तिथे खालच्या टायमिंग कव्हरमध्ये पुलीच्या शाफ्टसाठी जागा असते, धागा त्या फटीतून आत ओढला जातो, टायमिंग बेल्ट आणि त्याचं दातेरी चाक (स्प्रॉकेट) यांच्या मध्ये शिरतो आणि टायमिंग बेल्ट दात सोडतो. बाहेरच्या साध्या बेल्टने इंजिन संपल्याचं उदाहरण मी डोळ्यांनी बघितलंय, उघडलं तेव्हा टायमिंग बेल्ट अख्खा होता आणि क्रँक स्प्रॉकेटभोवती काळ्या धाग्यांचा गुंता.

तिसरा_मालक :
सगळ्यांचे मनापासून आभार. इंजिन नंबरवरून खात्री झाली, इंटरफिअरन्सच आहे. किट, वॉटर पंप, तिन्ही सील (दोन कॅम, एक क्रँक), बोल्ट, दोन्ही बाहेरचे बेल्ट मागवलेत.

पाण्याची परीक्षा केली. आवाज पूर्ण गेला आणि काही सेकंदांत परत आला. म्हणजे रेषेचा प्रश्न, पण अल्टरनेटरचे बोल्ट घट्ट आहेत, ब्रॅकेट तुटलेलं नाही. पाहू उघडल्यावर.

आता मुख्य शंका. क्रँकचा बोल्ट सोडवायचा कसा? एका व्हिडिओत लांब पाना जमिनीला टेकवून स्टार्टर मारलेला बघितला.

उघडा_बोनेट :
तो प्रकार कृपया करू नका. पाना सुटला तर दार फोडून जाईल किंवा तुमचा पाय, आणि बेल्ट काढलेला असताना कुणी स्टार्टर मारला तर ज्यासाठी हे सगळं करताय तेच नुकसान स्वतःच्या हाताने होईल. क्रँक पुली धरायचं हत्यार मिळतं, दोन पिना पुलीच्या भोकात जातात. नाहीतर स्टार्टर काढून त्या जागेतून फ्लायव्हील लॉक करा. मॅन्युअल गिअर असेल तर वरच्या गिअरमध्ये टाकून दुसऱ्याने ब्रेक घट्ट दाबून धरला तरी बऱ्याचदा सुटतो.

आता कामाचा क्रम, माझ्या पद्धतीने. तुमच्या इंजिनचं सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवाच, टॉर्क आणि खुणा त्यातल्याच घ्यायच्या, माझ्या किंवा व्हिडिओतल्या नाहीत.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. कूलंट पूर्ण काढून घ्या म्हणजे नंतर नव्या बेल्टवर सांडणार नाही. स्पार्क प्लग काढून ठेवा, कॉम्प्रेशन नसलं की इंजिन हाताने हलकं फिरतं आणि काही अडलं तर ते हाताला जाणवतं, हे फार महत्त्वाचं आहे. बेल्टच्या बाजूचं इंजिन माउंटिंग काढावं लागेल, त्याआधी संपच्या (इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं) खाली लाकडी फळी घालून जॅकने इंजिनला आधार द्या.

क्रँक नेहमीच्या दिशेनेच फिरवा (बहुतेक इंजिनांत पुढून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, काही उलटी आहेत) आणि पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशन टीडीसीवर (व्हॉल्व्ह मिटलेले आणि पिस्टन अगदी वर) आणा. क्रँकची खूण जुळली पण कॅमची अर्ध्या फेऱ्याने उलटी असेल तर क्रँकचा अजून एक फेरा. दोन्ही जुळल्यावर फोटो काढा, खुणांवर पांढरा पेंट लावा. जुना बेल्ट काढायच्या आधी कॅम लॉक करा, तुमच्याकडे दोन कॅम आहेत आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबलेल्या असतात, बेल्ट निघाला की कॅम झटक्यात उडी मारतो. आणि लॉकची पिन ही नुसती जागा धरण्यासाठी असते, कॅमचा बोल्ट सोडवताना किंवा घट्ट करताना जोर तिच्यावर कधीच द्यायचा नाही, स्प्रॉकेट वेगळ्या हत्याराने धरायचं.

पंप आणि सील बेल्टच्या आधी. सील बसवताना ओठाला थोडं इंजिन ऑइल, चारी बाजूंनी सारखं ठोकत कडेला समतल. पंपाचा जुना गॅस्केट पूर्ण खरवडून, पण ॲल्युमिनियमला ओरखडा न पाडता.

नवा बेल्ट. मुडपायचा नाही, उलटा करून बघायचा नाही, पान्याने रेटून चढवायचा नाही, आतल्या काचेच्या दोऱ्या मुडपल्या की तिथेच तुटतात. बाण असेल तर फिरण्याच्या दिशेने. सुरुवात क्रँकपासून, मग ताणाच्या बाजूने वर, म्हणजे जिथे टेन्शनर नाही ती बाजू, तिथे दोन स्प्रॉकेटच्या मध्ये बेल्ट एकदम सरळ ताठ हवा, जराही झोल नको. सगळा झोल शेवटी टेन्शनरकडे गोळा झाला पाहिजे. मग टेन्शनर. पॉइंटरवाला असेल तर थंड इंजिनवर काटा खाचेत आणायचा. हायड्रॉलिक असेल तर पिन काढायची. हाताने सेट करायचा जुना प्रकार असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच माप, अंदाजाने जास्त घट्ट करू नका, बेल्ट गुणगुणतो आणि पंपाचं बेअरिंग मरतं.

आणि मग सगळे लॉक काढून क्रँकचे पूर्ण दोन फेरे, हाताने, पान्याने, सावकाश. दोनच का, तर क्रँकच्या दोन फेऱ्यांनी कॅमचा एक पूर्ण होतो आणि तेव्हाच सगळ्या खुणा परत जागेवर येतात. कुठेही कडक लागलं तर थांबायचं, जोर लावायचा नाही, ते पिस्टन व्हॉल्व्हला टेकल्याचं लक्षण असू शकतं. दोन फेऱ्यांनंतर खुणा आणि टेन्शनरचा काटा परत बघायचा. नव्या बेल्टवर छापलेल्या पांढऱ्या रेषा मात्र आता स्प्रॉकेटच्या खुणांशी जुळणार नाहीत, त्या फक्त पहिल्यांदा बसवताना कामाच्या, बेल्ट तेवढ्यात पूर्ण फेरा मारून मूळ जागी येत नाही. ते बघून घाबरून परत उघडू नका.

डिझेलचा_दम :
डिझेलवाल्यांसाठी एक ओळ. डिझेल इंजिनं जवळजवळ सगळीच इंटरफिअरन्स असतात, कॉम्प्रेशन जास्त असल्यामुळे वर जागाच उरत नाही. आणि बऱ्याच ठिकाणी इंजेक्शन पंपही त्याच बेल्टवर असतो. जुन्या मेकॅनिकल पंपाची खूण चुकली तर स्टार्टिंग, धूर आणि ॲव्हरेज तिन्ही बिघडतात, म्हणून पंपाचा स्प्रॉकेटही लॉक करून घ्या.

नवी_चालक :
छान धागा. मी घरी करणार नाही, गॅरेजलाच देणार. मेकॅनिककाकांनी खरंच सगळं बदललं हे मला कसं कळणार?

घट्ट_बोल्ट :
@नवी_चालक ताई, गाडी देतानाच सांगा की जुने पार्ट आणि नव्याचे रिकामे खोके परत हवेत, चांगला माणूस याला हरकत घेत नाही. बिलावर बेल्ट, टेन्शनर, पंप, सील सगळे पार्ट नंबरासह वेगळे लिहून घ्या. नवा बेल्ट बसल्यावर कव्हर लावायच्या आधी खुणांचा फोटो मागा, आजकाल फोनवर पाठवतात. आणि क्रँकचा बोल्ट टॉर्क पान्यानेच घट्ट करतात ना एवढं विचारा. इम्पॅक्ट गनने घट्ट करणाऱ्याकडे मी तरी माझी गाडी देणार नाही.

तिसरा_मालक :
अपडेट. उघडलं.

बेल्टची पाठ तुम्हाला सांगितली तशीच गुळगुळीत. पण काढून बोटावर दात बाहेरच्या बाजूला येतील असा वाकवला (जुनाच होता म्हणून) आणि दातांच्या मुळाशी केसाएवढ्या चिरा उघडल्या, एका ठिकाणी नाही, सलग बऱ्याच दातांना, आणि एका चिरेत आतला फिकट धागा दिसतोय. बेल्टवर छापलेली तारीख गाडीच्याच वर्षाची, म्हणजे कधीच बदललेला नव्हता. आयडलर हाताने फिरवला तर खरखर करतो. एका कॅमच्या सीलखाली ओलं तेल. पंप मात्र कोरडा निघाला, तरी बदलला.

नवा बेल्ट बसवला, दोन फेरे मारले, कुठे अडलं नाही. क्रँक स्प्रॉकेटची खूण ऑइल पंपाच्या खुणेसमोर, दोन्ही कॅम जागेवर. पण मग खालचं कव्हर आणि क्रँक पुली बसवली, तर पुलीवरची टायमिंगची खाच कव्हरवरच्या शून्यासमोर येत नाहीये, साधारण १० अंश मागे दिसतेय. कीवेमध्ये (शाफ्टवरच्या खाचेत) पुली नीट बसलीय, एकाच जागी बसते. स्प्रॉकेटची खूण खरी मानू की पुलीची? जीव वर-खाली होतोय, गाडी चालू केलेली नाही.

उघडा_बोनेट :
चालू न करता विचारलंत हे फार छान केलंत. बेल्ट बसवताना स्प्रॉकेटची खूण खरी. आता तुमच्या क्रँक स्प्रॉकेटचे दात मोजा. २० असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. बेल्ट चुकला तर पूर्ण दाताने चुकतो, १८ किंवा ३६ अंशांनी, १० अंशांनी चुकूच शकत नाही. शिवाय तुमच्या कॅम आणि स्प्रॉकेटच्या खुणा जुळताहेत. म्हणजे दोष पुलीत आहे. प्लग काढलेलेच आहेत, तर पहिल्या सिलिंडरच्या भोकातून लांब प्लास्टिकचा स्ट्रॉ घालून पिस्टन खरंच वर आहे का तेही बघा.

क्रँक पुली एकसंध नसते. आतला हब आणि बाहेरची कडी यांच्या मध्ये रबराचा थर असतो, क्रँकची थरथर शोषायला. ते रबर सुटलं की बाहेरची कडी हबवर सरकते, खाच कडीवर असते म्हणून खूण चुकीची दिसते.

रिबवाला :
आणि सरकलेली कडी फक्त गोल फिरत नाही, पुढे-मागेही होते! सरळ पट्टी क्रँक पुली आणि अल्टरनेटर पुलीच्या तोंडावर धरून बघा. माझी खात्री आहे की चिवचिव तिथलीच आहे.

तिसरा_मालक :
दात २० निघाले. स्ट्रॉने बघितलं, पिस्टन वरच आहे. पट्टी धरली तर क्रँक पुलीची बाहेरची कडी इंजिनच्या बाजूला आत गेलेली आहे, डोळ्यांना दिसेल एवढी, आणि मागून बघितलं तर रबर एका बाजूने फुगून बाहेर आलंय. पुली आधी उतरवताना पुढून बघून हे अजिबात कळलं नव्हतं.

उघडा_बोनेट :
नवीनच पुली घ्या, दुरुस्त करायची वस्तू नाही ती. अशी कडी पूर्ण सुटली तर बाहेरचा बेल्ट उसवणार आणि वर रिबवाला यांनी धाग्यांबद्दल लिहिलंय तोच प्रकार. ती आत सरकत जाऊन टायमिंग कव्हरही घासते. कव्हरवर आतून-बाहेरून गोल घासल्याची खूण आहे का बघा, असेल आणि प्लास्टिक पातळ झालं असेल तर कव्हरही बदला.

तिसरा_मालक :
कव्हरवर हलकी गोल खूण होती, पण प्लास्टिक शाबूत आहे. नवी पुली आली, बसवली, खाच शून्यावर बरोबर. नवा बोल्ट मॅन्युअलप्रमाणे आधी टॉर्क आणि मग अंशांनी. परत दोन फेरे, परत सगळं जागेवर. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवला, ब्लीडचा स्क्रू उघडून हवा काढली, फॅन एकदा लागेपर्यंत चालू ठेवली.

पहिल्या चावीत चालू. आयडल स्थिर, चेक इंजिनचा दिवा नाही, आणि चिवचिव पूर्ण बंद, थंड असतानाही. दोन शंका उरल्यात. पॉवर स्टिअरिंगचा बेल्ट स्क्रूने ताणायचा आहे, तो परत बघावा लागेल का? आणि जुने बाहेरचे बेल्ट डिकीत स्पेअर म्हणून ठेवावेत का?

रिबवाला :
हाताने ताणलेला बेल्ट थोडा चालल्यावर बसतो आणि सैल होतो, म्हणून काही दिवसांनी इंजिन थंड असताना परत बघाच. दोन पुल्यांच्या मधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबून साधारण १० मिलिमीटर दबतो का, तुमच्या मॅन्युअलमध्ये माप वेगळं असेल तर ते धरा. अल्टरनेटरच्या बेल्टला स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर त्याला काही करायचं नाही, फक्त त्याचा हात आयडलला जास्त थरथरत नाही ना ते बघा.

जुना रिबवाला बेल्ट सरकलेल्या कडीवर चाललाय, त्याच्या कडा खाल्लेल्या असणार, तो टाकून द्या. स्टिअरिंगचा चांगला असेल तर ठेवा, पिशवीत घालून, न मुडपता.

घट्ट_बोल्ट :
टायमिंग बेल्ट जुना ठेवायचाच नाही, कुणाच्या हाती लागून परत बसायला नको, कापून टाका. आणि आजची तारीख, किलोमीटर, किटचा नंबर एका स्टिकरवर लिहून टायमिंग कव्हरवर चिकटवा, बिलंही सर्व्हिस बुकात लावा. गाडी चौथ्याकडे गेली तर त्याला हे सगळं विचारत बसायला लागू नये.

तिसरा_मालक :
स्टिकर लावला, कव्हरवर एक आणि बोनेटच्या आतल्या बाजूला एक. स्टिअरिंगचा बेल्ट रविवारी बघतो आणि माप इथे टाकतो.